खालची

नव्वदच्या दशकात आम्ही बहारीनमध्ये, मनामा शहरात राहायचो. खालच्या मजल्यावरचे भाई मूळचे रत्नागिरीचे, एसी दुरुस्तीची कामं करायचे. त्यांच्या खोलीत काचेच्या दोन पेट्यांमध्ये आफ्रिकेतल्या लहान जातीच्या अजगरांची जोडी होती. पुढेमागे त्यांची पिल्लं काढायचा भाईंचा बेत होता.

दर शुक्रवारी ते कोमट पाण्यानं हात धुऊन मादीच्या पेटीत हात टेकवायचे. तिला पकडायचे नाहीत. ती आपणहून मनगटावर चढेपर्यंत थांबायचे. मी दारातूनच बघायचे.

"भाई, एवढे लाड कशाला?"

"वहिनी, उद्या अंडी घातली की मलाच उचलायची हायत. तिला हाताची भीती नको."

एकदा झल्लाक गावाहून एक गिऱ्हाईक आलं. त्याला पिल्लं यंदाच हवी होती. बोलता बोलता त्यानं मादीला मानेशी धरून वर उचललं. तिनं वेटोळं घट्ट आवळून डोकं आत लपवलं. भाईंनी तिला हलकेच काढून घेतलं.

"खलास," ते म्हणाले. "यंदा जोडी लावायची नाय."

त्यानंतर तिनं खाणंच सोडलं. जिन्यात भेटले की मी विचारायच्या आतच भाई मान हलवायचे, तिकडच्या अरबीत 'नाही' म्हणायचे. "मफी, वहिनी. काय नाय खाल्लं."

पाच आठवडे असेच गेले. मग एका दुपारी त्यांनी आमचं दार वाजवलं.

"जेवली," एवढंच म्हणून ते खाली गेले.

मी स्वयंपाकघरात येऊन ह्यांना सांगितलं, "अहो, जेवली ती."

"कोण?"

"आपली खालची," मी म्हणाले.