भूकंपाच्या पिशवीतले सरावसंच

चूक माझीच. टोकियोच्या ओजिमा भागातल्या आमच्या घरात दाराशी भूकंपाची पिशवी असायची. २०११च्या मोठ्या भूकंपानंतर तशी ती घरोघर दिसू लागली होती. त्यातल्या पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं आणि मुलीचा कापडी ससा काढून मी गणिताचे चार सरावसंच भरले. दोन-तीन दिवस शाळेच्या हॉलमध्ये आसरा घ्यावा लागला तर अभ्यास बुडू नये, एवढाच हेतू.

मुलगी नऊ वर्षांची, आकड्यांत विलक्षण हुशार. स्टेशनवर गाड्यांच्या वेळा बघून ती कोडी रचायची आणि मला घालायची. नुसतं कौतुक करून थांबणं मला जमलं नाही. मी तिला नावाजलेल्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेच्या क्लासला घातलं. परीक्षा तीन वर्षांवर होती.

"परीक्षा तिची, घाम तुला का फुटतो?" बायको म्हणायची. मला ते माझ्या जबाबदार स्वभावाचं कौतुक वाटायचं.

मुलीची कोडी कधी बंद झाली, ते माझ्या लक्षातही आलं नाही. मी वेळापत्रक आखत होतो.

एका रविवारी सकाळी वसाहतीत भूकंपाची कवायत झाली. समितीचे एक आजोबा सगळ्यांच्या पिशव्या पाहत आमच्यापाशी आले. मुलीने चेन उघडली.

"पाणी?"

"नाही," ती जपानीत म्हणाली, "पण उत्तरं शेवटच्या पानावर आहेत."

आजोबांनी संच उलटून पाहिला, नीट परत ठेवला आणि माझ्याकडे वळून किंचित वाकले. "बाबा फारच मेहनती आहेत." इतक्या अदबीने माझी कोणी खरडपट्टी काढली नव्हती.

जिना चढताना, एरवी घरातही जपानीत उत्तरं देणाऱ्या मुलीने मराठीत विचारलं, "बाबा, खरा भूकंप झाला तर आधी पेपर सोडवायचा का?"

टोमणा समजून मी हसलो. ती हसली नाही. तिला खरंच उत्तर हवं होतं.

घरी आल्यावर मी संच काढून पिशवीत पाणी आणि बिस्किटं भरली. कपाटावरचा ससा उतरवला, झटकला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"चुकलो मी. पिशवी भरताना तुला तहान लागेल, भीती वाटेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मार्क तेवढे आले. क्लास आता तू म्हणशील तरच. मला माफ कर."