समोरच्या गॅलरीतले साठेकाका

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळपासून वाद पेटला होता. घरकामाला येणाऱ्या बायकांचे चेहरे टिपणारं यंत्र गेटवर बसवायचं घाटत होतं. "मग आपलेही चेहरे टिपा," असं मी लिहिलं आणि विषय यंत्रावरून सरकारवर, सरकारवरून जातीवर गेला. समोरच्या इमारतीतल्या साठेकाकांनी लिहिलं, "तुझ्यासारख्यांमुळेच देश बुडतोय." मी लगेच उत्तर लिहायला घेतलं.

त्यांच्या नावापुढे पुन्हा 'टाइप करत आहे' असं दिसलं. मी मान वर केली, तर काका समोरच्याच गॅलरीत बसलेले. चष्मा कपाळावर, फोन नाकाशी, एका बोटाने एकेक अक्षर शोधत होते. इतका वेळ मी ज्यांच्याशी भांडत होते, त्यांना वय आहे हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी कठड्याशी जाऊन हाक मारली, "काका, जे लिहिताय ते मला इथूनच सांगा."

ते दचकले. आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तोंडाने नाही गं म्हणता येणार."

मग त्यांनी लिहिलेलं पुसलं आणि खुर्ची कठड्याजवळ ओढली.

"बरं, ते यंत्र का नको, सांग मला."