रफूगाराने बुजवलेली जखम

गायबमामांचा संसार भोकांवर चालला होता. कसरीने कुरतडलेली शाल, सिगारेटने जळालेला कोट, खिळ्याला अडकून फाटलेली पँट असलं सगळं लोक त्यांच्या टीचभर दुकानात आणून टाकायचे आणि परत नेताना कापड उजेडात धरून विचारायचे, "मामा, भोक नेमकं होतं कुठे?" एवढं ऐकलं की मामांचं पोट भरायचं. त्यानंतरचं जेवण म्हणजे नुसती जनरीत. रफू करणाऱ्या या माणसाचं खरं नाव गल्ली कधीच विसरून गेली होती.

आणि नेमक्या याच माणसाच्या बायकोच्या मांडीला भोक पडलं.

मामींना साखरेचा आजार होता. मांडीवर गळू आलं तेव्हा त्या "बसेल आपोआप" म्हणत राहिल्या. ते बसलं नाही, चांगलं लिंबाएवढं उठलं. सर्जनने ते कापलं, पू काढला, आतल्या पोकळीत गॉझची पट्टी सैलसर भरली आणि बजावलं, "रोज इथे येऊन आतली पट्टी बदलून घ्यायची. तोंड बुजू द्यायचं नाही."

"आणि टाके?" मामांनी विचारलं.

"टाके नाहीत. ती उघडीच भरून येऊ दे."

मामांना वाटलं, डॉक्टर थट्टा करताहेत. घरी आल्यावर त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "कापायला वेळ होता, शिवायला नव्हता! उद्या मी गिऱ्हाइकाला सांगतो, घेऊन जा शाल, भोक आपलं आपण भरून येईल!"

"मी काय शाल आहे का?" मामी कण्हत म्हणाल्या.

"शाल असतीस तर एव्हाना तुला पांघरून कुणी लग्नालासुद्धा गेलं असतं."

रोज दवाखान्यात पट्टी बदलताना मामा ते भोक बघायचे आणि त्यांची बोटं शिवशिवायची. उघडं, ओलं, कडा एकमेकींपासून फाकलेल्या. कड कडेला भिडली की निम्मं काम झालं, हे त्यांच्या धंद्यातलं पहिलं सूत्र. शेवटी एका दुपारी त्यांनी दवाखाना टाळला. साबणाने हात घासले, आतली पट्टी ओढून काढली, चिकटपट्टीचे बारीक बारीक तुकडे कापले आणि चिमटीने कडा जुळवत ते असे काही लावले की जखमेच्या जागी नुसती एक रेघ उरली. दुखत होतं, तरी मामींनी मांडी जराही हलू दिली नाही. नवऱ्याच्या हातावर त्यांचा विश्वास होता. नवऱ्याच्या अकलेबद्दलचं त्यांचं मत वेगळं होतं, पण अक्कल काही पट्टी लावत नव्हती. त्यांनी आरसा धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं बाई! होतं कुठे ते?"

उभ्या संसारात मामींनी मामांच्या कामाचं केलेलं हे पहिलं कौतुक. मामा दोन दिवस तरंगत होते.

मग मामींना हुडहुडी भरली. मांडी लालभडक झाली, दगडासारखी टणक, तव्यासारखी तापलेली. घरातली सगळी पांघरुणं अंगावर घालूनही त्यांचे दात वाजत होते. मामांकडे बघून त्या म्हणाल्या, "बाबा, मला घरी न्या ना." त्यांचे वडील जाऊन कैक वर्षं झाली होती. मामांनी त्यांना उचललं आणि मिळेल त्या गाडीत घातलं.

सर्जनने पट्ट्या उचकटल्या. आतून भळाभळा पू आला.

"हे कोणी केलं?"

"मी."

"काम सुरेख आहे," सर्जन म्हणाले. त्या शब्दांनी मामांना कानफटात बसल्यासारखं झालं. "विष रक्तात उतरतंय. आधी जीव वाचतो का बघू, पायाचं मग बोलू."

शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार बंद झालं. बाकावर मामा उरले आणि त्यांच्याशेजारी पट्ट्यांच्या घड्या घालत बसलेली एक धिप्पाड सिस्टर.

"काका, दुकान झाडून झाल्यावर कचरा कुठे टाकता?"

"बाहेर."

"शरीरही तेच करतं. आधी रक्त गोठून बूच बसतं. मग पांढऱ्या पेशी येतात, जंतू खातात, मेलेलं मांस खातात, त्यात स्वतःही मरतात. त्यांची मढी म्हणजे पू. काकूंच्या साखरेमुळे त्या आधीच सुस्त, आणि तुम्ही बाहेर जायची वाटच बंद केलीत."

"पण कधीतरी भोक बुजायला हवंच ना, सिस्टर?"

"तळापासून! तळाला आधी नवं मांस धरतं, लाल, दाणेदार. त्यात केसाहून बारीक रक्तवाहिन्या. ते वर वर येतं, कडा हळूहळू आत ओढल्या जातात आणि सगळ्यात शेवटी कातडी वरून सरकते. तुम्ही शेवटचं काम पहिलं केलंत."

"म्हणजे मी कचरा आत ठेवून वरून रफू करून बसलो."

सिस्टरने पुढची पट्टी घडी घालायला घेतली.

मामी जगल्या, पण पुढचे दिवस कसले होते ते मामांनाच ठाऊक. लिंबाएवढ्या भोकाची आता ओंजळ झाली होती. ताप उतरत नव्हता. रोज सकाळी सिस्टर पट्टी सोडायची आणि मामा वाकून आत बघायचे. लाल शोधायचे. राखाडी दिसायचं, पिवळं दिसायचं. गठ्ठ्यातून नेमक्या छटेचा धागा काढणाऱ्या त्या डोळ्यांना एक लाल ठिपका मिळत नव्हता. सर्जनने स्पष्टच सांगितलं होतं, "मांस धरलं नाही आणि हे वर चढलं, तर जांघेपासून पाय काढावा लागेल." सुईत धागा एका फटक्यात ओवणाऱ्या हाताने मामांनी त्या संमतीच्या कागदावर सही केली.

मामी त्यांच्याशी बोलत नव्हत्या. शिव्या घातल्या असत्या तर मामांनी त्या आनंदाने खाल्ल्या असत्या.

ज्या सकाळी निर्णय व्हायचा होता, त्या सकाळी सिस्टरने ओला गॉझ तळाशी टेकवला आणि उचलला. त्याला लाल डाग लागला.

"रक्त! सिस्टर, रक्त आलं!" मामा किंचाळले.

"ओरडू नका. येऊ दे. रक्त आलं म्हणजे तिथे नव्या वाहिन्या धरल्या."

सर्जन वाकले. एका कडेला, तळाशी, ज्वारीच्या दाण्याएवढं लाल होतं. बाकी सगळं तसंच राखाडी. त्यांनी मांडी दाबून पाहिली, तापाचे आकडे वाचले, मग म्हणाले, "आज कापत नाही. उद्या परत बघू. आशा लावून बसू नका."

ते गेले. सिस्टर नवी पट्टी आणायला वळली. मामा त्या दाण्याकडे टक लावून बघत होते. ओंजळभर भोकात एवढासा दाणा, त्याला वर चढून यायचं होतं, आणि त्याच्यासाठी करण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं. नकळत त्यांच्या बोटांची चिमटी झाली आणि हात कडांकडे सरकला.

"अहो," मामी म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "हात."

मामांनी दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घातले आणि त्यांच्यावर बसून राहिले.