बाईंचं खुणेतलं नाव

द्वारकाबाईंशी भांडायचं तर समोर उभं राहून, उजेडात भांडावं लागतं. पाठीमागून कितीही आग पाखडा, ती वाया जाते, कारण त्या जन्मापासून ठार बहिऱ्या. समोर आलात की मात्र सुटका नाही. त्यांच्या मुलाच्या, गंधारच्या लग्नात नवरीचे मामा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत सुटले. मोठ्यानं बोललं की ऐकू जाईल अशी मामांची समजूत. द्वारकाबाईंनी पिशवीतली छत्री काढली, शांतपणे उघडली आणि मामांच्या तोंडासमोर धरली. आता बोला.

तर अशा या द्वारकाबाई दर शनिवारी मांजरीहून बस पकडून पेठेतल्या त्यांच्या जुन्या शाळेत यायच्या. बहिऱ्या मुलांची शाळा ती. तळमजल्यावरची एक खोली शनिवारी संध्याकाळी कर्णबधिर मंडळाला मिळायची. तिथं शिंपी यायचे, बँकेतले कारकून यायचे, खराडीच्या कंपन्यांत संगणकावर बसणारी पोरं यायची. आठवडाभर ऐकणाऱ्यांच्या जगात उगाच मान डोलवायची आणि शनिवारी हात मोकळे सोडायचे. घरी गंधारला खुणा येत, पण तो सदा घाईत. सूनबाई मोबाइलवर टाइप करून दाखवी, 'दूध आलं का?' द्वारकाबाईंचं पोटभर बोलणं व्हायचं ते त्या खोलीतच.

आणि नेमकी तीच खोली काढून घ्यायचं श्यामलाबाईंनी मनावर घेतलं. या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, आता समितीवर. ऐंशी ओलांडली तरी ताठ. त्यांचा सगळा जन्म एका हट्टात गेला: मुलांनी ओठ वाचायचे, तोंडानं बोलायचं, हात हलवायचे नाहीत. हात हलला की पट्टी, तीही आडवी नव्हे, उभ्या कडेनं, बोटांच्या सांध्यांवर. हल्ली शाळेत कानामागे यंत्र लावलेली लहान मुलं येतात. ती शनिवारी खिडकीला नाकं लावून मंडळाच्या गप्पा बघत आणि सोमवारी वर्गात हातांनी बोलत. श्यामलाबाईंना हे कसं खपावं?

एका शनिवारी त्या स्वतःच दारात येऊन उभ्या राहिल्या. "पुरे झालं, उठा आता," म्हणाल्या. ऐकणार कोण? मग त्यांनी बटण दाबून दिवे घालवले, लावले, पुन्हा घालवले, पुन्हा लावले. ऐकणाऱ्यांच्या सभेत असं केलं की माणसं चपला शोधायला लागतात. पण बहिऱ्यांत दिव्यांची उघडझाप म्हणजे, इकडे बघा, कुणाला तरी बोलायचंय. सगळे हात जागच्या जागी थांबले, खुर्च्या वळल्या आणि अख्खी खोली श्यामलाबाईंकडे बघत बसली. उभा जन्म या शाळेत काढून त्यांना एवढं ठाऊक नव्हतं.

बोलणारं कोण ते मागच्यांना कळायला हवं, म्हणून मंडळाचे अध्यक्ष बद्रीनाथ उठले आणि रिवाजाप्रमाणे त्यांनी पाहुणीचं खुणेतलं नाव केलं. मंडळात प्रत्येकाला असं नाव असतं. बद्रीनाथांचं नाव गालावरची खळी, दुभाषी ऋचाचं नाव कपाळावर चढवलेला चष्मा. श्यामलाबाईंचं नाव असं: डाव्या हाताची मूठ, आणि तिच्या सांध्यांवर उजव्या तळव्याची कड, खट् खट्. मागच्यांनी 'अच्छा, त्या होय' म्हणून तेच पुन्हा केलं. खोलीभर मुठींवर कडा पडल्या.

"ऋचा, हा काय प्रकार आहे?"

"मॅडम, ते इंट्रोडक्शन करतायत. ते तुमचं साइन नेम आहे."

"हे माझं नाव? कधीपासून?"

"हॉस्टेलच्या दिवसांपासून, म्हणतायत."

"कुणी ठेवलं?"

द्वारकाबाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

श्यामलाबाई खुर्चीवर बसल्या. "तीस वर्षं दिली या शाळेला. पट्टीच तेवढी दिसली का गं तुला?"

द्वारकाबाईंचे हात चालले, ऋचा चाचरत बोलली, "काकू म्हणतायत, कान नव्हतेच. डोळे होते, तेही तुम्ही ओठांना जुंपलेत. सुटले की पट्टीच दिसायची."

"समितीत माझा शब्द चालतो," श्यामलाबाई म्हणाल्या. "हे नाव बदला, खोली राहील. नाहीतर पुढच्या शनिवारी कुलूप."

बद्रीनाथांनी लगेच श्यामलाबाईंच्या अंबाड्याची खूण सुचवली. माना हलल्या. पण मंडळात ज्यानं नाव ठेवलं त्यानंच ते काढायचं. सगळे द्वारकाबाईंकडे बघू लागले.

लहानगी द्वारका तोंडानं एक ओळ धड बोलू शकत नव्हती. एक दिवस पंगतीत ताटाआड तिनं ही खूण केली आणि संध्याकाळपर्यंत ती सगळ्या वसतिगृहात पोचली. तिचं स्वतःचं, सगळ्यांना कळलेलं ते पहिलं बोलणं. आणि इकडे ही खोली, जिच्याविना आठवडा म्हणजे नुसतं 'दूध आलं का'.

"बदलते," द्वारकाबाई म्हणाल्या. "पण मागा हातानं. द्वारका, नाव, बदल. तीनच खुणा आहेत. शिकवते." आणि बालवाडीत दाखवतात तशा त्यांनी त्या सावकाश करून दाखवल्या.

श्यामलाबाईंचा हात पर्सवरून उचलला गेला. संधिवातानं वाकलेली बोटं क्षणभर हवेत राहिली. मग त्यांनी पर्स घट्ट धरली. "या शाळेत मी कधी हात हलवला नाही. आता हलवणार नाही."

"मारायला हलवलात," द्वारकाबाई मुठीवर कड आपटून म्हणाल्या. हे ऋचानं सांगायची गरजच पडली नाही.

श्यामलाबाई उठल्या आणि जाताना दिवे घालवून गेल्या. पुढच्या शनिवारी दाराला कुलूप होतं.

मंडळ सारसबागेजवळच्या एका कट्ट्यावर जमलं. द्वारकाबाई आल्या तशा सगळ्यांनी पाठी फिरवल्या. बहिऱ्याला वाळीत टाकायला एवढं पुरतं, बघायचं नाही. त्या बद्रीनाथांच्या समोर गेल्या. ते डावीकडे वळले. त्या डावीकडे गेल्या, ते उजवीकडे. म्हातारा-म्हातारीची ही फुगडी भेळवाला हात थांबवून बघत होता. शेवटी बद्रीनाथांचा तोल सुटला.

"एका नावापायी सगळ्यांना रस्त्यावर आणलंस."

"रस्त्यावर उजेड आहे."

"आणि पावसाळ्यात?"

"पावसाळ्यात तू अध्यक्ष नसशील."

मग बद्रीनाथांनी शाळेपासूनचं सगळं काढलं. द्वारकाबाई पदर खोचून कट्ट्यावर टेकल्या आणि एकेकाचं उत्तर देऊ लागल्या. पाठी फिरवलेली माणसं भांडण बघायला हळूच वळली, आणि एकदोघांनी मधे आपलेही हात घातले. उजेड कमी झाला तसे सगळे भांडत भांडतच दिव्याच्या खांबाखाली सरकले.