राहत होते की राहतात

“‘होते’च ठेव,” निखिल सर म्हणाले. “क्लायंटला ‘होते’ हवंय.”

हे कितवं प्रूफ, ते मोजणं मी सोडून दिलं होतं. भांडण एकाच वाक्यावर होतं: ‘या डोंगराच्या पायथ्याशी कातकरी लोक राहत होते.’ वनिताताईंनी ‘होते’वर लाल काट मारून ‘राहतात’ लिहायचं. क्लायंटच्या पाटकर साहेबांनी ते परत ‘होते’ करायचं. दोन्ही वेळा फाइल उघडायची मी.

माझं काम सांगते. पर्यटनस्थळी माहितीचे बोर्ड असतात, त्यांना आम्ही पॅनल म्हणतो. मजकूर, चित्रं, नकाशा बसवून मी प्रूफ काढते, म्हणजे छापण्याआधीची नमुन्याची प्रत. क्लायंटचं अप्रूव्हल आलं की फाइल ‘लॉक’ होते. मग वेलांटीसुद्धा बदलत नाही. मी इंग्रजी माध्यमातली, त्यामुळे मराठीतली कुठलीही चूक माझीच, असं ऑफिसने ठरवून टाकलंय. मीटिंगमध्ये मी गप्प बसते, ते बरं पडतं.

काम काशीदजवळच्या एका रिसॉर्टचं होतं. त्यांच्या जागेतून डोंगरावर ‘हेरिटेज ट्रेल’ जाणार होती. जागेला लागूनच कातकरवाडी आहे. वाडीतल्या बायका याच जागेतून खाडीवर उतरतात, चिंबोऱ्या आणि चिखलातले निवट्या मासे धरायला. त्यांच्या आज्याही तिथूनच उतरायच्या. आता रिसॉर्टला कुंपण घालायचं होतं. बोर्डावर ‘राहत होते’ आलं की वाडी संपली, आणि वाडीच नाही तर वाट कोणाची? हे कोणी तोंडाने म्हणत नव्हतं. सगळे व्याकरणच बोलत होते.

वनिताताई त्याच वाडीतल्या. आता अलिबागला कॉलेजात शिकवतात. कविता लिहितात, समाजाच्या गाण्यांवर पीएच.डी. केलीय, आणि सुट्टीच्या दिवशी वाडीच्या जागेचे आणि वाटेचे दावे घेऊन सरकारी ऑफिसांत बसून राहतात. पहिल्या पॅनलवर त्यांची कविता होती. पाटकर साहेबांना त्यांची कविता हवी होती, क्रियापद नको होतं.

शेवटी सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं.

“मॅडम, हा इतिहासाचा बोर्ड आहे,” पाटकर म्हणाले. “इतिहास भूतकाळातच लिहितात.”

“भूतकाळात घालून आमची भुतंच केलीत की,” वनिताताई म्हणाल्या. “मग मी कोण बसलेय इथे? झाड सांगा एखादं, जाऊन लटकते.”

मला हसू आलं. मी लॅपटॉपमागे गेले.

पाटकरांनी फोनवर वाडीचा ड्रोनने घेतलेला फोटो उघडून दाखवला. “हे बघा. दारं बंद, माणूस नाही, कोंबडी नाही. उगाच नाही म्हणत मी.”

“कधी काढलात?”

“थंडी संपता संपता.”

“तेव्हा माणसं भट्टीवर असतात, साहेब. भात कापून झालं की विटांच्या नाहीतर कोळशाच्या भट्टीवर जातात. कोंबड्याही बरोबर नेतात. पावसाच्या तोंडाला परत येतात.”

“म्हणजे भटकेच ना? मग ‘भटकी जमात’ लिहू या.”

आता हे नवीन. मी मुकाट्याने फाइल पुन्हा उघडली.

वनिताताईंनी पेनचं टोपण लावलं. “साहेब, तुमचं गाव कुठलं?”

“पोलादपूरकडे. आतमध्ये आहे.”

“घर आहे?”

“आहे ना. चौसोपी नाही, पण चांगलं आहे.”

“आत्ता कोण असतं?”

“आत्ता कोणी नाही. आम्ही सगळे मुंबईत. गणपतीला उघडतो.”

“म्हणजे तुम्ही तिथे राहत होता.”

“होता काय?” पाटकर एकदम चढ्या आवाजात म्हणाले. “मी तिथलाच आहे!”

पाटकरांनी फोन उलटा ठेवला.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पण निखिल सरांना तोडगा सुचला. “क्रियापदच काढू या! ‘डोंगराचा पायथा: कातकरी वस्ती.’ कोणाला त्रास नाही.” ते माझ्याकडे कौतुकाच्या अपेक्षेने बघत होते.

“काढा,” वनिताताई म्हणाल्या. “माझी कविताही काढा. नावही. बिनक्रियापदाच्या बोर्डावर मला न्हाय राहायचं.” त्या नेहमी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात. तो एक ‘न्हाय’ ऐकून मला कळलं, आता या हलणार नाहीत.

अडचण अशी की उद्घाटनाच्या निमंत्रणावर त्यांचं नाव छापून झालं होतं. पाटकरांनी कपाळ चोळलं. “बरं बाई, ‘राहतात’. खूश?”

“आणि नकाशात आमची वाट.”

“ती काय, टिंबटिंब रेघ? घाला. टिंबांनी काय होतंय?”

मी टिंबं घातली, वाडीपासून खाडीपर्यंत. अप्रूव्हल आलं. फाइल लॉक झाली.

उद्घाटनाला पाहुण्यांनी कवितेसमोर सेल्फी काढले. क्रियापद कोणी वाचलेलं दिसलं नाही. इतके दिवस आपण कशासाठी डोकं फोडून घेतलं, असं मनात येत होतं.

पावसाळ्यानंतर पाटकरांचा मला फोन आला. पहिल्यांदाच, थेट मला.

“अहो, तुम्ही लोकांनी काय करून ठेवलंय? कुंपणवाल्याने मध्येच फट सोडलीय! विचारलं तर म्हणतो, बोर्डावर वाट आहे. आमच्यातल्या कोणी त्याला ड्रॉइंगच दिलं नव्हतं. त्याने तुमच्या नकाशाचा फोटो काढला आणि त्यावर खांब ठोकले!”

“सर, टिंबं तुम्हीच अप्रूव्ह केली होती,” मी म्हणाले. नोकरीत क्लायंटला मी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य.

“मग बदला ना नकाशा!”

“फाइल लॉक आहे, सर.”

मी वनिताताईंना फोन केला. त्या खूप वेळ हसल्या, मग थांबल्या. “फट बुजवायला काय वेळ लागतो,” त्या म्हणाल्या. “दाव्याचा निकाल अजून यायचाय. पण बायका आज खाडीवर गेल्यात. चिंबोऱ्या पाठवते.”

निखिल सर नव्या मुलांना सांगतात, पॅनल कोणी वाचत नाही, मजकुरावर वेळ घालवू नका. मी अजूनही मीटिंगमध्ये बोलत नाही. पण नकाशा करताना मी कुंपणवाल्याचा विचार करते. तो वाचतो.