डावीकडचं दार

कुंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी वाघोलीला भाचीकडे होते. तिच्या नव्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ‘हवा काय छान आहे गं तुमच्याकडे’ असं धादांत खोटं बोलत होते. समोर तीन क्रेन आणि ही एवढी धूळ. फोन आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा होता. त्यांचा फोन म्हणजे पाण्याचा टँकर नाहीतर पार्किंगची तक्रार, म्हणून मी जरा तोऱ्यातच ‘बोला’ म्हटलं. ते म्हणाले, “शैलाताई, आपण बसल्या आहात ना?” एवढ्यावरच मला कळलं. कोण ते सुद्धा कळलं, कारण त्या इमारतीत ज्याच्यासाठी मला आधी बसायला सांगावं लागेल असं दुसरं माणूसच नव्हतं. सकाळी पेपर वाचता वाचता खुर्चीतच गेली. कामवाल्या बाईंना वाटलं, डोळा लागलाय. मी घरी असते तर काय मोठं केलं असतं, काहीच नाही… पण दोन दिवसांसाठी म्हणून मी गेले आणि नेमकी तेव्हाच ती गेली, हे काही मनातून जात नाही.

त्याला आता सात आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना त्याचे गुण लिहायचे असतात, ते मी लिहीनच. पण आधीच सांगून टाकते, मी कुंदाचा अपराध केलाय. आणि मेलं माझं नशीब असं, की तो अपराध होता हे मला ती गेल्यावर कळलं. पदराखाली झाकून ठेवण्यातली मी नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

आम्ही दोघी एकाच मजल्यावर, समोरासमोर, सत्तावीस वर्षं. मी शाळेत भूगोल शिकवायचे आणि ती औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटार मेकॅनिकच्या वर्गाला शिकवायची. त्या काळी त्या वर्गावर बाई! पहिल्या वर्षी पोरांनी फळ्यावर काहीबाही लिहून ठेवलं होतं म्हणे. तिने ते वाचलं, त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या आणि शिकवायला सुरुवात केली. हे तिने मला चहा गाळता गाळता सांगितलं होतं, आणि वर ‘त्यात काय एवढं’. तिचं सगळंच असं, त्यात काय एवढं. हातावर ऑइलचे डाग, नखं कायम काळी, आणि हळदीकुंकवाला जाताना रॉकेलने हात धुऊन जायची. बायका नाक मुरडायच्या. मुरडोत बापड्या.

तिची गाडी जुनी, कार्ब्युरेटरवाली, पांढरी. मूळची पांढरी, असं ती म्हणायची. चालवायची ती आणि डावीकडे बसायचे वसंतराव, तिचे यजमान. वसंतरावांना गाडी चालवता येत नव्हती आणि त्याची त्यांना लाज तर नव्हतीच, उलट कौतुक होतं. कोणी विचारलं तर म्हणायचे, “मी बटणमंत्री आहे. आमच्याशिवाय ही गाडी हलत नाही.” मला वाटायचं, रेडिओच्या बटणाबद्दल बोलतायत. सोसायटीत कोणाचंही वाहन बंद पडलं की कुंदाला बोलावणं यायचं. ती यायची, पण गाडीला हात लावायची नाही. आधी मालकाची उलटतपासणी. शेवटची कधी चालली? काल कुठे उभी होती? पेट्रोल कुठे भरलं? धुतली का? माणूस वैतागायचा. “अहो, आपण बॉनेट तर उघडा.” ती म्हणायची, “उघडते. अर्धा बिघाड तुमच्या तोंडातून बाहेर पडू दे.” आणि तसंच व्हायचं. दहातल्या सहा वेळा पाना न लावताच गाडी सुरू.

चार वर्षांपूर्वी वसंतराव गेले. कुंदा रडली ती एकदाच, आणि नंतर मला म्हणाली, “गुरुवारी फुलं आणायला मार्केट यार्डात जायचंय, येतेस?” तेव्हापासून दर गुरुवारी मी तिच्या डावीकडे. मी खाली उतरेपर्यंत ती गाडीपाशी पोहोचलेली असायची, माझ्या बाजूचं दार उघडून आत वाकायची, सीटवरून हात फिरवायची आणि ‘बस’ म्हणायची. मला इतकं बरं वाटायचं! आयुष्यात माझ्यासाठी कोणी गाडीचं दार उघडलेलं नाही. लग्न केलं नाही, भाऊ होता तो स्कूटरवाला. मी मनातल्या मनात म्हणायचे, बघ शैला, सत्तरीला का होईना, मान मिळतोय.

मग एकदा मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. कुंदा एकटीच निघाली होती, बहुतेक दवाखान्यात. तिने डावीकडचं दार उघडलं. आत वाकली. तिचे ओठ हलताना दिसले. दार हलकेच लावलं, वळसा घालून उजवीकडे आली, बसली आणि गेली. बाजूला कोणी नव्हतं. माझ्या हातातला टॉवेल हातातच राहिला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही. मग मी मुद्दाम बघायलाच लागले. एकदाही चुकलं नाही. बाई गं, ही तर वसंतरावांना बसवून नेते आहे!

विचारायला काय झालं होतं? दोन पावलांवर दार. रोज संध्याकाळी साडेपाचला ती माझ्याकडे चहाला यायची, तासभर बसायची. पण अशा नाजूक गोष्टी विचारायच्या नसतात असं आम्हाला शिकवलंय ना! लोकांच्या पायरीवरच्या चपला मोजू, पण मनातलं विचारणार नाही. मी गप्प राहिले आणि लक्ष ठेवू लागले. लक्ष ठेवलं की काय, सगळंच दिसतं. तिचं दूध उतू गेलं. माझंही जातं, पण तिचं मी मोजलं. भाच्याचं नाव विसरली. एक दिवस गेटच्या खांबाला गाडी घासली, तेव्हा मात्र माझा धीर सुटला आणि मी बेंगळुरूला तिच्या मुलाला, मंदारला फोन केला. सगळं सांगितलं. दाराचं तर अगदी रंगवून सांगितलं. “मंदार, ती रोज वसंतरावांसाठी दार उघडते रे. त्यांच्याशी बोलते. उद्या रस्त्यात काही झालं म्हणजे?” तो तीन दिवसांत आला. आईशी काय बोलला ते मला माहीत नव्हतं. जाताना किल्ली घेऊन गेला.

त्या संध्याकाळी कुंदा साडेपाचला आली. मी घाबरून दोन वेळा साखर घातली. ती एवढंच म्हणाली, “मंदारने गाडी बंद केली माझी. म्हणतो, वय झालं.” मी म्हटलं, “आपण रिक्षाने जात जाऊ की मार्केट यार्डात.” त्यावर ती हसली. “रिक्षात मागे बसून मी काय करू? ड्रायव्हरच्या चुका मोजू?” दोन गुरुवार आम्ही गेलो रिक्षाने. तिसऱ्या गुरुवारी ती म्हणाली, गुडघा दुखतोय. मग फुलं कोपऱ्यावरून यायला लागली. हळूहळू ती खाली उतरेनाशी झाली. बॉनेट उघडून कोणाला मदत करायलाही नाही, कारण तिला बोलवायचंच सगळ्यांनी थांबवलं होतं. ‘त्यांना आता झेपत नाही म्हणे,’ असं एव्हाना जिन्यात पसरलं होतं. कोणी पसरवलं असेल? मीच. एकीलाच सांगितलं होतं, काळजीपोटी. असे पाच महिने गेले आणि मग तो वाघोलीचा फोन.

दिवसपाणी उरकल्यावर मंदार म्हणाला, “मावशी, गाडी भंगारात द्यायला मन होत नाही. आईच्या संस्थेला देऊ या, मुलं तिच्यावर शिकतील.” किल्ली माझ्याकडे देऊन तो गेला. त्या संस्थेतून गायकवाड आले. कुंदाचेच विद्यार्थी, आता तिच्याच जागेवर शिकवतात, डोक्यावर एक केस काळा नाही. येताना चार्ज केलेली बॅटरी आणि ताजं पेट्रोल घेऊन आले. गाडीच्या पुढ्यात उभं राहून त्यांनी आधी चक्क नमस्कार केला आणि मला म्हणाले, “ताई, आत बसा. मी सांगेन तेव्हा किल्ली फिरवायची.” सत्तावीस वर्षांत कुंदाच्या सीटवर मी पहिल्यांदा बसले. सीट पुढे ओढलेली होती, कुंदा बुटकी ना. मी किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, घर्र घर्र घर्र, जोरात, आणि गाडी काही सुरू होईना. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. मला उगाच वाटलं, माझा हात ओळखला हिने.

“बॅटरी चांगली आहे, इंजिन फिरतंय,” गायकवाड म्हणाले. “आता बाईंच्या पद्धतीने जाऊ. ताई, ही शेवटची कधी चालली?” मी सांगितलं. “त्या दिवशी चालताना काही कुरकुर?” नव्हती. गेटचा खांब तेवढा घासला होता, तोही दोन-तीन दिवस आधी. त्यांनी पेट्रोल वर पोहोचतंय का बघितलं, पोहोचत होतं, मला वास येत होता. मग प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली आणि म्हणाले, फिरवा. ठिणगी नाही. एकही नाही. दिव्याची तार घेऊन ठिणगी पाठवणाऱ्या कॉइलपाशी गेले. तिथे करंटच नाही. मला वाटलं, वैतागतील. ते तर खुशीत आले. “चांगली चालणारी गाडी, उभ्या उभ्या करंट गेला. ताई, बाईंची गाडी आहे. चोर स्विच असणारच!”

चोर स्विच म्हणजे लपवलेलं बटण. ते दाबल्याशिवाय सेल्फ कितीही फिरवा, ठिणगी पडत नाही आणि चोर हात हलवत परत जातो. मध्यंतरी आमच्याकडे गाड्या चोरीला जायच्या तेव्हा कुंदाने अर्ध्या सोसायटीला असे स्विच बसवून दिले होते आणि प्रत्येकाला बजावलं होतं, कुठे आहे ते सख्ख्या भावाला सांगायचं नाही. अहो, माझ्या भावाच्या स्कूटरलाच तिने बसवला होता! मला माहीत होतं. मला सगळं माहीत होतं… आणि तिच्या स्वतःच्या गाडीला असेल, हे माझ्या भूगोलाच्या डोक्यात एकदाही आलं नाही.

गायकवाड पायाखालचं मॅटिंग उचलून एका निळ्या वायरचा माग काढत गेले. वायर आडवी गेली, गिअरच्या खालून, पलीकडे. ते उतरले. वळसा घालून गेले. डावीकडचं दार उघडलं. आत वाकले आणि सीटच्या पुढच्या कडेखाली हात घातला. म्हणाले, “मिळाला. मारा आता.” दुसऱ्या फेरीला गाडी सुरू झाली. पार्किंगभर धूर झाला. ते हसत होते आणि मी स्टिअरिंग धरून रडत होते. त्यांना वाटलं, आठवणीने.

इंजिन चालू ठेवून ते म्हणाले, “साहेबांसाठी बसवला असणार तिकडे. ते सीटवर बसले की हात बरोबर खाली जातो.” बटणमंत्री! मी विचारलं, “आणि साहेब गेल्यावर? हा ड्रायव्हरकडे आणायला किती काम होतं?” “अर्धा तास. बाईंना वीस मिनिटं.” मग आणला का नाही तिने? साडेतीन वर्षं रोज वळसा घातला, पावसात, गुडघा दुखत असताना, आणि वीस मिनिटांचं काम केलं नाही. म्हणजे मला वरून जे दिसलं ते अगदीच चूकही नव्हतं. ती दार उघडत होती ते त्यांच्यासाठीच असेल. मग असू दे की! नवऱ्याची आठवण काढली म्हणून कोणाची गाडी काढून घेतात का? माझ्यासाठी उघडते असं वाटायचं तेव्हा मला ते वेड नाही वाटलं.

गाडी गेली. दोन दिवस मी जेवले नाही धड. मंदारला सांगावं की नाही, हाच एक प्रश्न. सांगितलं तर पोराला आयुष्यभराची टोचणी, नाही सांगितलं तर त्याच्या मनात आई शेवटी भ्रमिष्ट झाली होती हेच राहणार, आणि तेही माझ्यामुळे. तिसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला. स्विचचं सगळं सांगितलं. म्हटलं, “तुझी आई शेवटपर्यंत शहाणी होती रे. चुकले ते मी.”

तो म्हणाला, “मावशी, आईने मला सांगितलं होतं. त्याच दिवशी. म्हणाली, अरे, सीटखाली स्विच आहे, चल दाखवते. मला वाटलं, सारवासारव करते आहे. मी खाली गेलोच नाही बघायला. तिला म्हटलं, शैलामावशी रोज बघतात, त्या कशाला खोटं सांगतील.”

मी स्टुलावर बसले. “माझं नाव सांगितलंस तिला?”

“हो.”

“मग? काय म्हणाली ती?”

“काही नाही. किल्ली काढून दिली माझ्या हातात. आणि म्हणाली, शैलाला यातलं काही बोलू नकोस हं. ती येणं-जाणं बंद करेल लाजेने. तिला या इमारतीत माझ्याशिवाय कोण आहे?”

पाच महिने, कुंदा! पाच महिने रोज माझ्यासमोर बसून चहा प्यायलीस, माझ्या तोंडाकडे बघितलंस, आणि एका शब्दाने… भांडायचं होतंस गं. माझ्या दारात उभं राहून, सगळा मजला गोळा होईल असं भांडायचं होतंस.