पदराच्या गाठीतली गोळी

देवळाच्या पारावर आज शेजारच्या सखूबाईंनी पदराची गाठ सोडली आणि गुडघ्याची गोळी मोडून अर्धी शिंपीणबाईला दिली. आमची हीसुद्धा अशाच गोळ्या वाटायची, लोणच्याची फोड द्यावी तशी.

उरलेली अर्धी माझ्यापुढे आली. "घ्या भावजी, लंगडताय."

"मला किडनीचा त्रास आहे. ही गोळी घेऊन मरू काय? आणि त्या शिंपीणबाईलाही मारू नका."

"इश्श! वैनींनी दिली असती तर मुकाट गिळली असती!"

गिळली असती, खोटं कशाला बोलू. ही गेल्यापासून माझं लंगडणं कुणाला दिसलंच नव्हतं. गोळी घेतली नाही. पण पारावर टेकलो आणि कुठं कुठं दुखतं ते सगळं सखूबाईंना सांगत बसलो.